राखणदाराच्या वहाणा

मार्गशीर्षातली अवस जवळ आली की धोंडू माळी घोडपदेवच्या चाळीतून निघायचा आणि लालबागच्या चांभाराकडून वहाणांचा नवा जोड आणायचा. चांगला हातभर लांब, जाड तळाचा. परळच्या बंगल्यातल्या बागेला राखणदार होता, डोळ्यांना न दिसणारा, जागेचा देव, त्याच्यासाठी. विहिरीजवळच्या बकुळीखाली त्या ठेवायच्या, नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. वर्षाने बघावं तर तळ झिजून पापड झालेले. कोण झिजवतं, हे थोरल्या मालकांनी कधी विचारलं नाही.

त्या साली थोरले मालक गेले आणि बंगला, बाग, सगळं त्यांच्या लेकीच्या, लतिकाबाईंच्या हाती आलं. धोंडूने तिला कडेवर घेऊन याच बागेत फिरवलेलं. पण पोर भलतीच हट्टी, एकदा मनात घेतलं की बापाचंही ऐकायची नाही. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ, ट्रामगाड्या उभ्या. धोंडू बिचारा चांभाराचं घर गाठून, पायपीट करत वहाणा घेऊन आला, तर बाईंनी फाटकातच अडवलं.

"वर्षभर तूच घालतोस ना रे या? यंदा माझ्या कपाटात राहतील. किल्ली माझ्याकडे. बघू कोण चालतं ते."

"असा करू नकात, ताईसाहेब. तेका बागेक फेरी घालूची लागता. वहाणो गावल्यो नाय तर..."

"तर काय?"

"तर तो दुसऱ्याचे पाय घेता."

बाई हसल्या. वहाणा काढून घेऊन कपाटात ठेवल्या. धोंडूला स्वतःच्या पायांची फिकीर नव्हती, पण ही कडेवरची पोर होती.

बाग त्या वर्षी अशी फुलली की बघत राहावं. बाई मात्र उशिरा उठू लागल्या, भिंतीला धरून चालू लागल्या. मुंबईच्या उकाड्यात पायात मोजे. एके दिवशी म्हणाल्या, "धोंडू, चिंचपोकळीकडची भिंत ढासळलीय. बांधून घे."

तिकडे नुसतं करवंदीचं रान. धोंडू कोयत्याने वाट काढत गेला. भिंत खरंच पडली होती.

"तुमका कसा कळला, ताईसाहेब?"

बाईंनी मोजे वर ओढले.

पुन्हा मार्गशीर्षातली अवस आली. धोंडूने हात जोडले, तेव्हा बाईंनी कपाट उघडलं. वहाणा कोऱ्या करकरीत.

"बघितलंस? कोणी घातल्या नाहीत..." असं म्हणत त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच मोजे काढले. तळवे झिजून गुळगुळीत झाले होते, एक रेघ उरली नव्हती. बोटांच्या बेचक्यांत बागेतली तांबडी माती.

धोंडूला रडू फुटलं. वहाणा उचलून तो बकुळीखाली धावला, नारळ फोडला. "लेकराक सोड, बाबा. होये तर माझे पाय घे..." पान हललं नाही. दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता तो बघायला गेला. वहाणा होत्या तशाच होत्या. शेजारी लतिकाबाई अनवाणी उभ्या.

"या मला मोठ्या होतात रे, धोंडू," ज्या बाईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं ती खालमानेने म्हणाली. "यंदा माझ्या मापाच्या आण..."

धोंडू खाली बसला आणि सुतळीने तिच्या पायाचं माप घेऊ लागला. भर उन्हात ते पाय विहिरीच्या पाण्यासारखे गार होते.