दहा दिवस मान खाली

हडपसरला मोटारीचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. ओतलेल्या भागाला केसाएवढी भेग असली तरी ती शोधायची, मोजायची आणि तो भाग बाजूला काढायचा, हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. सांगायचं कारण एवढंच, की दिसलेलं मोजून पाहिल्याशिवाय मी मानत नाही.

मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी भिंगाखाली भाग धरलेला असताना उजव्या डोळ्यात खालून काळा पडदा चढायला लागला. डोळा चोळला, पाणी मारलं. पडदा चढतच राहिला. संध्याकाळी सातला मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, वैजनाथराव," डॉक्टर केदार नंतर म्हणाले. "बसवलाय जागेवर. तो दाबून धरायला आत गॅसचा फुगा सोडलाय. फुगा वर जातो, म्हणून तुम्ही खाली बघायचं. जेवताना, चालताना, झोपताना. दहा दिवस. मान वर केलीत तर मला पुन्हा भेटावं लागेल, आणि मला तशी हौस नाही."

डोळा वाचला, हे आधीच सांगून टाकतो.

कात्रजला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बायकोनं, पूर्णिमानं, जेवणाच्या टेबलाच्या कडेला टॉवेलची गुंडाळी बांधली. तिच्यावर कपाळ टेकून मी खुर्चीत बसायचो आणि फरशी पाहायचो. पूर्णिमा एका शाळेच्या कार्यालयात कामाला आहे. दोन दिवस तिनं रजा काढली. तिसऱ्या दिवसापासून मला जेवायला घालून, मला दाराशी उठावं लागू नये म्हणून बाहेरून कुलूप लावून ती अकराला जायची आणि पाचच्या सुमारास यायची; मार्चअखेरीच्या कामामुळे रविवारीसुद्धा. मधल्या वेळात प्राणिसंग्रहालयातले मोर ओरडायचे, घाटाकडून ट्रकचे ब्रेक ऐकू यायचे. बाकी फरशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्या फरशीवर दोन पाय येऊन उभे राहिले.

लहान मुलीचे पाय होते. अनवाणी, घोट्याशी धूळ. आमची फरशी दहा इंची आहे. पाऊल सात इंचांहून जरा कमी भरत होतं. वरच्या मजल्यावरची कोणी आली असेल असं वाटलं.

"कोण गं? आत कशी आलीस?"

थोड्या वेळानं पाहिलं तर नुसती फरशी होती.

पूर्णिमा आल्यावर तिला विचारलं. "कुलूप तर आत्ता मी उघडलं," ती म्हणाली. "औषधानं झापड येते, डॉक्टर म्हणाले होते ना. डोळा लागला असेल तुमचा."

चौथ्या दिवशी पाय आले ते आठ इंच होते. शाळेच्या बुटानं पडलेले पट्टे पावलांवर दिसत होते. आणि डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं अर्ध्यापर्यंत जुळलेली होती. काल बहुधा मी तिकडे नीट पाहिलं नव्हतं. किंवा पाहायचं टाळलं होतं.

तशी बोटं माझ्या आईची होती. आणि आमच्या सृष्टीची. ती पाच वर्षांची असताना डेंग्यूच्या तापात चार दिवसांत गेली. त्याला चौदा वर्षं झाली. तिचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. दोघंच आहोत, त्यामुळे ते जमतं.

मी डावा, चांगला डोळा मिटून पाहिला. उजव्या डोळ्यात फुग्यामुळे सगळं दुधाळ पाणी होतं, त्यातून फरशीच्या रेघाही दिसत नव्हत्या. पाय दिसत होते. बुटाचे पट्टे, जुळलेली बोटं, सगळं स्वच्छ.

मग मी मोजणं सोडलं.

पाचव्या दिवशी पायांत चांदीचे पैंजण होते, बारीक. सहाव्या दिवशी नखांना जांभळा रंग, आणि तो घाईत लावल्यासारखा कडेनं ओघळलेला. ती नुसती उभी असायची. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायची, तेव्हा पैंजण जरासे वाजायचे.

सातव्या दिवशी नखं हळदीनं पिवळी होती. बोटांत नवी जोडवी होती.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "ती मोठी झालेली तुला कधी दिसते का?"

पूर्णिमाचे पाय माझ्यासमोर होते. ते हलले नाहीत. मग ती म्हणाली, "आमटीत मीठ कमी आहे का हो?"

"नाही. बरोबर आहे."

आठव्या दिवशी पाय सुजलेले होते आणि ते अंतर ठेवून टाकत ती आली. पूर्णिमाही गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अशीच चालायची. मी हातानं चाचपून बाजूचं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. स्टूल करकरलं. ती गेल्यावर मी टॉवेलच्या गुंडाळीत तोंड खुपसून रडलो. डोळ्यासाठी ते वाईट असतं.

नवव्या दिवशी टाचांना भेगा होत्या. खोल, जुन्या, काळ्या पडलेल्या.

दहाव्या दिवशी दोन वाजले, तीन वाजले, ती आली नाही. चार वाजून गेल्यावर पाय घासत आले. शिरा वर आलेल्या, नखं जाड झालेली. माझ्या पायांपेक्षा म्हातारे पाय. जोडवी नव्हती. त्यांच्या जागी नुसते पांढरे वळ होते.

उद्या मान वर करायची परवानगी मिळणार होती. उद्या ती येणार नाही, हे मला कळत होतं.

डोळा गेला तर गेला, म्हटलं. तोंड पाहायचं.

मी कपाळ उचललं.

मानेवर हात आला. खरखरीत, कोमट. जोर नव्हता त्यात. आजारी पोराला निजवताना ठेवतात तसा तो हात तिथं राहिला, आणि माझी मान वर झाली नाही.

मग पाय घासत गेले.

थोड्याच वेळात कुलूप उघडल्याचा आवाज आला. पूर्णिमा आत आली आणि पिशवी न ठेवता तशीच दाराजवळ उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. जिन्यात एक म्हातारी भेटली. पंचाहत्तरीची तरी असेल. भिंतीला धरून उतरत होती, म्हणून हात दिला. खालपर्यंत सोडून आले."

"बोलली काही?"

"म्हणाली, आई, किती वाळलीस गं." पूर्णिमानं पिशवी खाली ठेवली. "कोण कुठली. पण माझ्या तोंडून ओ गेली."