मान डोलावणारे मास्तर

"अंगावर लोखंड-बिखंड काही न्हाई ना?" बेबीनंदाने विचारलं.

"न्हाई... जीव तेवढा लोखंडासारखा जड झालाय," बद्रीनाथ म्हणाला.

ती हसली, आणि लगेच ओशाळली. हा धावड्याच्या शाळेतला तरुण मास्तर वर्गात चक्कर येऊन पडला होता. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चोंदली असावी, असा डॉक्टरांना संशय होता. जालन्यातल्या त्या लहान एमआरआय केंद्रात यंत्र चालवणारी ती एकटीच.

काचेआडून ती माइकवर म्हणाली, "बिलकुल हलू नका."

"हो मॅडम."

"गिळू पण नका."

"हो मॅडम."

पडद्यावर चित्र उमटलं. रक्तवाहिनी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. तिच्या शेजारी बसलेले केंद्रातले डॉक्टर हळूच म्हणाले, "ऑपरेशन लागेल बहुतेक..."

ती थेट आत गेली.

"मास्तर, मी बोलले की तुम्ही मान डोलावता का?"

"मंग? माणसानं बोलल्यावर ओ द्यावीच लागती. गप ऱ्हायलो तर माज आला म्हणतात आमच्याकडं."

"इथं करा माज. थोडाच वेळ!"

डॉक्टरांना विचारून तिने पुन्हा तपासणी लावली. मानेला दोन्हीकडून उशा, शिरेतून रक्त उजळ दाखवणारं औषध, बोटाला नाडी टिपणारा चिमटा. ही पद्धत केंद्रात नवीन होती. नाडीचा ठोका धरून यंत्र वाहत्या रक्ताचं चित्र घ्यायचं. पण ठोके असे काही धावायला लागले की यंत्राला धरताच येईनात.

"घाबरलात?"

"न्हाई... तुम्ही उशी लावायला जवळ आल्त्या ना..."

ती लाजून बाहेर पळाली. काचेआड गप्प बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. ठोके हळूहळू निवळले — आणि पडद्यावर रक्तवाहिनी उजळली. सलग, मोकळी. कुठंही तुटलेली नाही.

"बराबर आहे की!" डॉक्टर म्हणाले. "मघाशी मान हलली होती. आणि चक्कर... उपाशीपोटी शाळेत जात असतील. वेळेवर जेवा म्हणावं."

तिने माइक दाबला. "मास्तर, काही नाही झालेलं तुम्हाला..."

आतून उत्तर नाही.

"अहो, आता बोला ना!"

"तुम्हीच गप ऱ्हा म्हणलं व्हतं..." त्याने लांब श्वास सोडला. "मंग विचारतो. रविवारी धावड्याला येता? आईच्या हातची भाकरी खायला?"

ती आत आली. "आणि आईला काय सांगाल, कोण आली म्हणून?"

"खरंच सांगीन. हिच्यापायी मशीन अडलं व्हतं."

बेबीनंदाने त्याच्या बोटावरचा चिमटा उतरवला. बोट सोडायचं मात्र राहून गेलं.