आल्यागेल्याची मूद

भोरच्या त्या घरात मितचुलीने शीळ घालून भात झाल्याचे कळवले, तेव्हा भास्करराव खांबेटे भिंत धरून उठले. त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवरून भूक मोजून ही यंत्रचूल तेवढाच तांदूळ शिजवी. जेवणानंतर उरलेला भात तोलून दुसऱ्या दिवशी तेवढा वगळी. भास्कररावांनी नित्याप्रमाणे एक मूद वाटीत काढून ठेवली. पत्नी सुमतीबाई गेल्या, तरी आल्यागेल्यासाठी मूद राखण्याची त्यांची रीत भास्कररावांनी मोडली नव्हती. चूल त्या मुदीला उरलेला भात समजे, आणि त्यांचे पान दिवसेंदिवस आटत चालले होते.

शब्दकोशाच्या कामात आयुष्य घालवलेल्या त्या गृहस्थाने चुलीशी वाद घालून पाहिला होता. तिने एवढेच विचारले होते, वाटेकऱ्याचे नाव काय? ठाऊक नाही, हे खरे उत्तर तिला चालेना. खोटे नाव सांगणे यांना जमेना.

पानावरून ते उठतात तोच त्यांची मुलगी ऋजुता पुण्याहून न कळवता येऊन थडकली. पट्टीचे आकडे तिला तिकडे दिसत. अप्पांनी अन्न सोडले, या समजाने त्यांना वृद्धनिवासात न्यायचे ठरवूनच ती आली होती. धोतरे बॅगेत भरता भरता तिची नजर वाटीवर गेली.

“हे काय, अप्पा? उपास?”

“उपास नव्हे. वाटा.”

थकल्या आवाजात ते सांगू लागले. संस्कृतातला भक्त, प्राकृतातला भत्त, मुळाशी भज् म्हणजे वाटणे. नुसता तांदूळ शिजला म्हणून त्याचा भात होत नाही, कुणाच्या तरी वाट्याला यावा लागतो.

“अंगाईऐवजी हेच ऐकत वाढले मी,” ऋजुता म्हणाली. “चुलीला दोन माणसं सांगायची, संपलं.”

“दुसरं माणूस कुठाय?”

सकाळपासून ऋजुताच्या पोटात काही नव्हते. तिने चुलीकडे भात मागितला, तर तिची मोजणी आता संध्याकाळच्या स्वयंपाकात होईल, असे उत्तर आले. भास्कररावांनी वाटी तिच्यापुढे सरकवली.

तिने शितन् शीत निपटून खाल्ले. मग बॅगेतली धोतरे काढून एकेक करून दांडीवर टाकली.

“आज काही उरलं नाही,” चूल म्हणाली. “वाटेकऱ्याचं नाव?”

“ऋजुता. पण उद्या मी नसेन. तरी मूद शिजव.”

चुलीने विचारले,

“उद्या कोण येणार आहे?”

बापलेकींनी एकदमच उघड्या दाराकडे पाहिले.