मागचा सूर

"थांब मामा, सगळ्यात नवीन बॅकअप नको घेऊस!" सोनाली म्हणेपर्यंत धनाजीमामाने बटण दाबलेसुद्धा.

सोलापुरातल्या त्याच्या लग्नाच्या व्हिडिओंच्या दुकानात आज त्याचे वडील सिद्धनाथआजोबा मांडीवर टोपी ठेवून बसले होते. सांगोल्याहून ते आले होते धाकट्या भावाचा आवाज ऐकायला. दिवाळीला दोघे भाऊ इथे राहिले, तेव्हा मामाने त्यांच्या चार धनगरी ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. सिद्धनाथआजोबा ओवी म्हणायचे, जोतिरामआजोबा मागे बसून लांबलचक सूर धरायचे. पुढे थंडीत जोतिरामआजोबा गेले. ऐकायला या म्हणून बोलवायला मामाला मात्र मे उजाडला.

थोड्या वेळापूर्वी स्पीकरमधून ओवी आली होती, स्वच्छ धुतल्यासारखी. मागे काहीच नव्हते.

"जोत्या कुटं हाय?" आजोबांनी विचारले.

मामाचा चेहरा उतरला. मागची घूंघूं पंख्याची समजून त्याने ती चारही ओव्यांतून पुसून टाकली होती, आणि पुसल्यावर पुन्हा ऐकायची तसदी घेतली नव्हती! आता बटण दाबून काढलेल्या नवीन बॅकअपमध्येही पुसलेल्याच ओव्या निघाल्या. सर्वांत जुन्यात फक्त पहिली होती. "माझ्याच काकांचा सूर मला ओळखू आला नाही, आबा," तो म्हणाला.

सोनाली आणि मामाचा मुलगा अजिंक्य मात्र दिवाळीच्या आठवड्याची डिस्क चाळत होते. रविवारी सगळ्याची प्रत व्हायची, नंतर रोज रात्री फक्त त्या दिवशी नव्याने आलेल्या किंवा बदललेल्या फायलींची.

"म्हणजे चारही ओव्या एका जागी मिळणारच नाहीत," सोनाली म्हणाली. "पुसापुशी बुधवारी झाली. जी ओवी ज्या रात्री पहिल्यांदा आली, तिथूनच ती घ्यायची."

नावे तीच असल्याने एकीवर दुसरी बसू नये, म्हणून अजिंक्यने वेगळा फोल्डर केला. पहिली रविवारची, दुसरी सोमवारची, तिसरी मंगळवारची. तिन्हींत मागून जोतिरामआजोबांचा सूर आला. आजोबांनी डोळे मिटले.

चौथी बुधवारी दुपारी म्हटलेली आणि संध्याकाळीच पुसलेली. रात्रीच्या प्रतीत पुसलेलीच गेली, आणि रेकॉर्डिंगचे मूळ कार्ड मामाने एका लग्नासाठी कोरे केले होते. सोनालीने दोनदा शोधले. ती कुठेच नव्हती, आणि हे सांगायचे तिच्या जिवावर आले.

"लई केलंसा पोरांनो," आजोबांनी दोघांच्या पाठीवर हात फिरवला. "चूक माजीबी हाय. जल्मभर म्या म्होरं अन् त्यो मागं. एकदा तरी म्हनायचं हुतं त्याला, जोत्या, आज तू म्हन. न्हाईच म्हनलो."

मग त्यांनी चौथी लावायला सांगितली, तशीच.

स्पीकरमध्ये त्यांचाच आवाज ओवी म्हणू लागला. आजोबा खुर्ची मागे सरकवून बसले आणि त्यांनी सूर धरला. दुसऱ्या ओळीलाच त्यांचा दम तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला.

"एवढा दम लागतुया व्हय ह्याला," ते हळूच म्हणाले. "कदी बोलला न्हाई."