कुंडलिकेच्या पलीकडे काकू

भुताच्या गोष्टी रात्री बाराच्या असतात. ही दुपारी पावणेचारची आहे.

शपथा घेत बसत नाही. माझा पेणला फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर मी लोकांचे पासपोर्ट फोटो काढतो, "हनुवटी थोडी वर" म्हणतो आणि संध्याकाळी शटर ओढून घरी जातो. मला गोष्टी रचता येत नाहीत. जे झालं तेच सांगतो. पटलं तर घ्या.

तारीख १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. जागा रोहा. नदीकाठचं गोपाळकृष्णकाकांचं घर.

हे माझे सख्खे काका. रोह्यात पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. वृंदाकाकू प्राथमिक शाळेत शिक्षिका. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर दोघांनी ठरवलं, मुलांना नकाशावर दाखवलं ते आता डोळ्यांनी बघायचं. इजिप्त, केनिया, नॉर्वे... दर दोन वर्षांनी एक देश.

सगळं जग मोबाइलवर आलं, पण काकांचा जुना रोलचा कॅमेरा सुटला नाही. एका सहलीला एकच रोल. छत्तीस फोटो, ब्लॅक अँड व्हाइट. धुवायला मात्र पेणला, आमच्या डार्करूममध्ये. आधी माझे बाबा धुवायचे, नंतर मी.

आणि काकांचा एक नियम होता. अस्सल मास्तरी नियम.

"माणूस उभा केल्याशिवाय उंची कळत नाही."

म्हणून प्रत्येक फोटोत काकू. पिरॅमिडच्या पायथ्याशी काकू. धबधब्याखाली काकू. नखाएवढ्या. काका लांबून ओरडायचे, "मागे हो... अजून मागे... हां, थांब!" काकू बिचाऱ्या मागे मागे जात राहायच्या.

"मी बायको आहे की मोजपट्टी?" असं त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. आम्ही सगळे हसलो होतो.

त्या वर्षी मार्चमध्ये काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं.

सवाष्ण गेल्या. आमच्याकडे अशा बाईला हिरवी साडी नेसवतात, हिरवा चुडा भरतात आणि कपाळभर कुंकू लावतात. मळवट म्हणतात त्याला. तो काकांनी स्वतः भरला. त्यांचा हात इतका थरथरत होता की कुंकू डाव्या भुवईवर ओघळलं. कुणी पुसलं नाही.

मग भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी दोन दिवस जुन्या निगेटिव्ह घेऊन बसलो. शेकडो फोटो, आणि एकातही काकूंचा चेहरा नाही. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये होत्या, पण पंगतीत वाढताना, पाठमोऱ्या. शेवटी मी काढलेला पासपोर्ट फोटो मोठा केला. काकांनी तो बघितला.

"ही वृंदा नाही रे. ही व्हिसा मागायला बसलेली बाई आहे."

तरी तोच लावला. दुसरा नव्हताच.

नोव्हेंबरात काका पेणला आले. हातात एक रोल होता.

"तुर्कस्तानचा. शेवटचा. बावीस फोटो तिकडचे आहेत, पुढचे... तू बघ." मग खुर्चीत बसून राहिले. "शौनक, मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय. डोळे मिटले की साडी दिसते, चाल दिसते. तोंडच दिसत नाही. यात कुठे मिळतो का बघ."

मी रोल ठेवून घेतला.

रविवारी सकाळी धुतला. बावीस फोटो तुर्कस्तानचे. मशिदी, डोंगर, खाली नखाएवढ्या काकू. नेहमीचंच.

तेविसावा फोटो रोह्याचा होता.

काकांच्या गॅलरीतून काढलेला. मध्ये कुंडलिकेचं पाणी. पलीकडे अष्टमी गावाचा काठ. आणि काठावर... साडी नेसलेली एक बाई. सरळ उभी. नखाएवढी.

चोविसाव्यात तीच. पंचविसाव्यात तीच. छत्तिसाव्यापर्यंत तीच बाई, त्याच जागी.

असेल कुणी धुणं धुवायला आलेली. मी स्वतःला असंच समजावलं आणि तिच्यापुरता तुकडा मोठा करायला घेतला.

डार्करूम ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. कागद औषधात टाकला की चित्र हळूहळू वर येतं, आणि जे काळं असतं ते आधी येतं. केस आधी, चेहरा शेवटी.

लाल दिव्यात मी ट्रे हलवत होतो. केस आले. साडीचे काठ आले.

मग कपाळ आलं.

अख्खं कपाळ काळं. डाव्या भुवईपर्यंत ओघळलेलं.

मला वाटलं, डाग पडला. दुसरा कागद घेतला, दुसरा फोटो. परत तेच कपाळ. चौदाही फोटो काढून बघितले. चेहरा एकातही येईना. नुसते फिल्मचे दाणे दाणे. कपाळ मात्र चौदाही वेळा आलं.

मी दार उघडून बाहेर आलो आणि रस्त्यावरच्या उन्हात जाऊन उभा राहिलो. बाईकला किक मारली. गडब, नागोठणं कधी मागे पडलं कळलं नाही.

दार विमलबाईंनी उघडलं. त्या काकांकडे स्वयंपाक करतात. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात दादा. सर रोज पावणेचारला गॅलरीत जातात. समोर कोण हाय ते मला नाय दिसत. पण त्या टायमाला गल्लीतला कुत्रा पण भुंकत नाय. मी भांडी खाली ठेवते नि गप बसते."

काका गॅलरीतच होते. मी फोटो पुढे केले. त्यांनी आधी चेहरा शोधला, तो दिसला नाही तसे खाली ठेवले. कपाळाबद्दल एक शब्द नाही.

"काका, हे तुम्ही काढलेत?"

"अविधवा नवमीपासून दिसते." सवाष्ण गेलेल्या बायकांचं श्राद्ध करतात तो दिवस. "मोतीबिंदूने मला नुसता आकार दिसतो. म्हटलं, कॅमेऱ्याला तरी दिसेल. पूल ओलांडून गेलोही होतो एकदा. तिथे कुणी नाही. परत येऊन बघतो तर उभी."

मी घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले.

शेजारी मिक्सर चालू होता... तो थांबला.

कावळे थांबले. नदीला बारा महिने पाणी असतं, त्याचा आवाज कायम असतो... तोही ऐकू येईना.

पलीकडे कुणीतरी उभं होतं.

हो, मीही पाहिलं. भर उन्हात. हिरवी साडी. पण खरं सांगू? भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं. सांगितलेल्या जागी नीट उभी होती बिचारी.

"मीच सवय लावली तिला लांब उभं राहायची," काका म्हणाले. "आयुष्यभर मागे हो, मागे हो. जवळ ये असं कधी म्हणालोच नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आता म्हणा ना काका. बोलवा जवळ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कठड्याला धरून, वर्गात मुलाला बोलवावं तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "अगं, पुढे ये! ये इकडे!"

काठावर कुणी नव्हतं.

डोळ्याची पापणी लवली असेल माझी, तेवढ्यात.

मग जिन्यावर... बांगड्या वाजल्या.

एक पायरी. थोडं थांबून दुसरी. काकूंचे गुडघे दुखायचे, त्या अशाच चढायच्या. स्वयंपाकघरात विमलबाई "देवा, देवा" म्हणत होत्या. आवाज वर आला, खोलीतून पुढे आला आणि माझ्या पाठीमागे थांबला.

काका वळले. मला नाही वळता आलं. मी नदीकडे तोंड करून कठडा धरून उभा राहिलो, लाज वाटते सांगायला.

पाठीमागून काकांचा आवाज आला. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अगं... गालावर तीळ होता तुझ्या. मी विसरलोच होतो बघ."



मग शेजारचा मिक्सर सुरू झाला.

मी वळलो तेव्हा काका एकटेच उभे होते. दोन्ही हात असे समोर धरलेले, ओंजळीत कुणाचा चेहरा धरावा तसे. रडत होते आणि हसतही होते. मला वाटलं, चला, झालं. माणसाला हवं ते मिळालं. मी समाधानाने पेणला परतलो.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडे कुणी दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. महिन्याने नाही. काका रोज पावणेचारला उभे राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं. आता पलीकडच्या काठावरची शेळीसुद्धा स्पष्ट दिसते म्हणतात. हाकही मारून पाहिली. आता कुत्रा भुंकत असतो, मिक्सर चालू असतो.

परवा त्यांचा फोन आला होता.

"चेहरा बघितला, आता आठवतो. पण लांब होती तोवर रोज होती रे, शौनक. जवळ बोलावली आणि ती गेली."

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, राग असता तर बरं झालं असतं. बोलवा म्हणणारा मीच होतो ना.

त्या काय निरोप घ्यायला आल्या होत्या, की "ये" ऐकायलाच थांबल्या होत्या, मला माहीत नाही. मी वळून बघायला हवं होतं का, तेही माहीत नाही.

स्टुडिओत गिऱ्हाईक फार मागे बसलं, तर आता मी त्याला "जरा पुढे या" म्हणत नाही. कॅमेरा उचलतो आणि मीच पुढे जातो.