बुटांची टोकं दाराकडे

पटलं तर घ्या. पण फुमिए मावशीच्या सराईसमोर मी राहतो आणि त्या संध्याकाळच्या बर्फातल्या खुणा मी स्वतः पाहिल्या आहेत.

जपानमधल्या अकिताच्या डोंगरातलं आमचं गाव. फेब्रुवारी होता. पाहुणे इथे गोठलेला धबधबा बघायला येतात आणि रात्री गरम कुंडात अंग शेकतात. मावशीचा नवरा, तात्सुझो काका, त्यांना धबधब्यावर न्यायचा. चार वर्षांपूर्वी वाट मोकळी आहे का बघायला एकटाच गेला. परतला नाही. सापडलाही नाही.

मावशी रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवते.

पाहुणा दाराशी बूट काढून पायरीवरून घरात वर चढला की वाकून त्याच्या बुटांची टोकं दाराकडे वळवायची, ही सराईची रीत. निघताना पाय सरळ बुटात जावेत, प्रवास सुखाचा व्हावा. काकाचे बूट मात्र ती कधी वळवत नसे. एकदा वळवले, तर तो म्हणाला होता, “मला कुठे हाकलतेस?”

त्या दिवशी एकही पाहुणा नव्हता. लेकीचा फोन आला.

“आई, आता बास. सेंदाईला ये माझ्याकडे.”

“आणि तुझे बाबा आले, दार बंद दिसलं तर?”

“चार वर्षं झाली, आई.”

“त्यांना उशीर होतोच. आमच्या लग्नालाही उशिराच आले होते.”

फोन ठेवला. घर खायला उठलं होतं.

तेवढ्यात... दार सरकलं.

“या, या,” मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.



ती हात पुसत बाहेर आली. कुणीच नव्हतं. खाली फक्त रबरी बूट होते. बर्फाने माखलेले. टोकं घराकडे.

कुंडाकडून... लाकडी बादलीचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा.

कुणी परदेशी असेल, तिला वाटलं. न विचारता थेट अंघोळीला.

ती वाकली. सवयीने दोन्ही बूट उचलले आणि दाराकडे वळवून ठेवले.

बर्फ गळून पडला...

डाव्या टाचेला, खाली तळापर्यंत वळलेलं लाल ठिगळ होतं. तिनेच चिकटवलेलं.

आतला पाण्याचा आवाज थांबला.

मावशी कुंडाकडे धावली. वाफ होती. फरशी ओली होती. माणूस नव्हता.

मागे... दार सरकलं.

“अहो, थांबा. चुकून वळवले मी. जेवण झाकून ठेवलंय...”

तिचा आवाज ऐकून मी बाहेर आलो. ती अनवाणी बर्फात उभी होती. दारापासून धबधब्याच्या वाटेकडे बुटांच्या खुणा गेल्या होत्या. डाव्या टाचेत ठिगळाचा चौकोन उमटला होता.

सराईकडे येणारी खूण मात्र एकही नव्हती.

मावशीने सराई बंद केली नाही. लेकीने आता विषय सोडलाय. पाहुण्यांचे बूट जसे काढले तसेच पडलेले असतात. लोक कुरकुरतात. मावशी ते वळवत नाही.

परवा तिच्याकडे गेलो. बूट काढले आणि सहज टोकं दाराकडे वळवायला वाकलो. तिने माझं मनगट धरलं.

“राहू दे. आधी कुणाचे आहेत ते बघू दे.”

“माझेच आहेत गं, मावशी.”

तरी तिने दोन्ही उचलून टाचा पाहिल्या.