दुसरी शिटी

भिंतीवरचा अकरावा फोटो कुणाचा, असं तुम्ही मघाशी विचारलंत. बसा, सांगते. धुकं निवळेपर्यंत तुम्हाला तसंही कुठं जाता येणार नाही आणि माझ्याही मागे काही काम लागलेलं नाही. थांबा, दिव्याची वात जरा वर करते. धुकं पडलं की इथली वीज हमखास जाते.

मी या मैदानाच्या पूर्वेच्या फाटकावर असते. सामन्याच्या दिवशी पिवळं जाकीट घालायचं, गळ्यात शिटी अडकवायची आणि आत येणाऱ्यांना रांगेत ठेवायचं, एवढंच काम. मी सांगतेय ती गोष्ट गेल्या थंडीतली. त्या दिवशी दुपारी फाटक ओढून घेताना शिटी कडीत सापडली आणि तिला उभी चीर गेली. नवीन आणायची तर कोठीपर्यंत जावं लागणार, मी कंटाळा केला. म्हटलं, आजच्यापुरती चालवून घेऊ.

तो फोटो माझ्या बाबांचा. नऊ वर्षं ते या फुटबॉल क्लबचे लेफ्ट बॅक होते, म्हणजे डावी बाजू राखणारे. त्यांच्या बाजूनं कुणाला आत शिरता येत नसे, म्हणून लोक त्यांना कुलूप म्हणायचे. आणि मी त्यांची मुलगी, म्हणून किल्ली. पाळण्यात असल्यापासून हे नाव मला चिकटलंय, आईसुद्धा याच नावानं हाक मारते.

सदतीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात बाबांनी एक गोष्ट केली आणि नऊ वर्षं पाण्यात गेली. तेव्हा मी सहा महिन्यांची होते. शेवटची चार मिनिटं उरली होती, बरोबरी होती. समोरच्यांचा एक गडी चेंडू घेऊन बाबांच्या बाजूनं आला आणि बाबा धावता धावता थांबले. खेळ थांबल्यावर करतात तसा उजवा हात वर केला. तो गडी त्यांच्या शेजारून आरामात निघून गेला आणि गोल झाला. बाबा म्हणाले, शिटी वाजली होती. रेफरी म्हणाला, मी वाजवली नाही. आठ हजार माणसं बसली होती, त्यातल्या एकानंही ऐकली नव्हती.

तीस वर्षं बाबांचं म्हणणं तसूभर बदललं नाही. "शिट्या दोन वाजल्या," ते सांगायचे. "पहिली आखूड, फाटक्या आवाजाची, डाव्या बाजूच्या रेषेवरून. मी थांबलो. मग गोल झाला. मग दुसरी. ती लांबलचक होती आणि ती खालून आली, जमिनीतून. ती ऐकली म्हणून मला मैदानातून चालत बाहेर येता आलं." एक शिटी लोकांनी कदाचित पचवलीही असती. दोन म्हटल्यावर त्यांचे जिवलग मित्रसुद्धा चहाच्या कपात बघायला लागायचे.

शेवटी लोक सूरकाकांकडे गेले. सूरकाका जन्मापासून आंधळे. वाद्यं जुळवून देण्याचं त्यांचं काम, दोन सुरांतला केसाएवढा फरक ते सांगायचे. त्या दिवशी ते पहिल्या रांगेत, रेषेपासून दहा हातांवर होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मी नाही ऐकली." विषय तिथंच मिटला. बाबा चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हा पोचवायला आलेल्या गर्दीतसुद्धा मला कुणीतरी दबक्या आवाजात शिटी म्हणाल्याचं ऐकू आलं.

इथला खरा खेळ म्हणजे माजी खेळाडूंवरून वाद घालणं. चेंडूचा खेळ त्याच्या आधी दीड तास असतो, इतकंच. ही नवी खोली बांधली तेव्हा भिंतीवर अकरा फोटो लावायचे ठरलं, क्लबचे आजवरचे सर्वोत्तम अकरा. दहा नावं एका शनिवारात झाली. अकराव्यावर तीन महिने गेले.

कमिटीतले कंपाउंडर बाबांच्या बाजूचे. "नऊ वर्षं त्या बाजूनं मुंगी आत गेली नाही. एका क्षणावरून माणूस मोजायचा का?"

मास्तर, म्हणजे आमचे अध्यक्ष, ते दुसऱ्या बाजूचे. "नऊ वर्षं कुलूप आणि चोर आला त्या दिवशी दार सताड उघडं. असं कुलूप मी तरी घरी लावणार नाही."

सगळे हसायचे. मी दाराशी उभी असायचे. मास्तर माणूस वाईट नाही, हसून झालं की माझ्याकडे बघून ओशाळायचे. पण म्हणून बोलायचं थांबले नाहीत. मला वाईट वाटायचं ते त्या हसण्याचं नाही. माझ्या मनात कुठंतरी, खूप आत, मलाही वाटायचं की बाबा खोटं बोलले. चूक झाली असं म्हणून सुरुवातीलाच मोकळे का झाले नाहीत, याचा मला राग होता. स्वतःच्या बापाबद्दल असं वाटणं फार जड असतं हो.

त्या शनिवारी सामन्यानंतर सहाला शेवटचं मतदान होतं. त्यात नाव आलं नाही, तर ते कायमचं गेलं.

चारचा सामना. मध्यंतराला धुकं उतरलं. आधी पलीकडचा गोल गेला, मग मधली रेषा, मग खेळाडूच दिसेनात. रेफरीनं बरीच वाट बघून सामना रद्द केला. लोक कुरकुरत निघून गेले. दर वेळेसारखी मी सूरकाकांना न्यायला गेले. गर्दी ओसरली की ते माझा कोपरा धरून चालतात, आमचा जुना रिवाज. पूर्वेच्या पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून म्हटलं, मैदानातूनच पलीकडे जाऊ, तिथंच क्लबची खोली.

गवतावर पाय ठेवला आणि सगळे आवाज बंद झाले. रस्त्यावरच्या गाड्या, लोकांचं बोलणं, काहीच नाही. मला माझे बूटही नीट दिसत नव्हते.

"काका," मी विचारलं, "आज तरी खरं सांगा. तुम्ही ऐकली नव्हती ना?"

माझ्या कोपरावरची त्यांची बोटं घट्ट झाली. दहा-बारा पावलं गेलो असू, आणि ते थांबले.

"किल्ली... चेंडू कुणाकडे आहे?"

"कसला चेंडू? सामना रद्द झाला, काका."

"हा आजचा नाही." त्यांनी मान एका बाजूला केली. वाद्य जुळवताना करतात तशी. "चामड्याचा आहे. पाणी प्यालाय, जड झालाय. हा बघ, हा आपला बंबवाला. डावा पाय घासत पळतो, ऐकतेस? आणि तो मागून ओरडतोय तो गोलकीपर. त्याचा आवाज मी विसरेन का..."

बंबवाल्याचा फोटो भिंतीवर तिसरा आहे. त्याला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

मला काही ऐकू येत नव्हतं. पण वास आला. आधी ओल्या चामड्याचा, आणि मग त्या तेलाचा. बाबा रोज संध्याकाळी गुडघ्यांना चोळायचे ते तेल. आमच्या घराच्या उशा-पांघरुणांनासुद्धा तो वास होता. चार वर्षांत मला तो आला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी अंगावर सरसरून काटाही आला.

"किती सुंदर खेळतायत गं..." सूरकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. देवळात बोलावं तसं ते बोलत होते. मग त्यांनी माझा कोपरा सोडला. सदानकदा धरून चालणारा माणूस, तो काठी न टेकता सरळ पुढे गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

"काका... काका, थांबा."

माझा आवाज तोंडाबाहेर पडताच विरून जात होता. मी बाजूच्या रेषेवर उभी होते, पायाखाली चुन्याचा पट्टा जेमतेम दिसत होता. तो सोडला तर मीही हरवणार. आंधळ्या माणसाला मी कुठं आहे हे कळायचं तर आवाजच हवा. मी दुसरा काही विचार केला नाही. गळ्यातली शिटी उचलली आणि फुंकली.

आखूड वाजली. चीर गेलेली होती, आवाज फाटला.

तो आवाज तोंडातून निघाला तेव्हाच मला कळलं. तीस वर्षं मी त्या आवाजाचं वर्णन जेवताना, झोपताना ऐकलं होतं.

समोरचं धुकं एका जागी पातळ झालं. वीसेक पावलांवर एक माणूस धावत होता, तो थांबला. जाड सुती जर्सी, चिखलानं भरलेली, गळ्याशी नाडी बांधलेली. त्यानं उजवा हात वर केला आणि शिटी कुठून आली ते बघायला मान वळवली. बाबा होते. सत्तावीस वर्षांचे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी त्यांना इतकं देखणं कधी पाहिलंच नव्हतं, मी पाहिले ते गुडघे धरून जिना चढणारे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे, मग पिवळ्या जाकिटाकडे. त्यांच्या मागून कुणीतरी वेगानं निघून गेलं. जाळीला चेंडू लागल्याचा आवाज आला आणि आठ हजार माणसांनी एकदम श्वास आत घेतला. तो मी ऐकला, माझ्या कानांनी.

मला ओरडायचं होतं, बाबा, खेळा, मी आहे, मीच आहे. पण शिटी अजून ओठांतच होती. धुकं पुन्हा मिळून आलं.

सूरकाका गोलच्या तोंडाशी सापडले. चेहरा ओला होता.

"हीच," ते म्हणाले. "तेव्हा वाजली ती हीच."

"तुम्ही तेव्हा ऐकली होती?"

"ऐकली होती गं. पण आठ हजार डोळस माणसं नाही म्हणत होती. माझे कान खोटे ठरले असते तर माझ्याकडे काय उरलं असतं? उद्या वाद्य कोण देणार हातात? घाबरलो मी. त्याच्या वाट्याला आलं ते माझ्यामुळे." त्यांनी हात पुढे केला, माझ्या गळ्यातली शिटी चाचपली, बोटानं तिची चीर शोधली. बराच वेळ त्यांचं बोट तिथंच राहिलं. "या शिटीचं तिकडे बोलू नकोस," ते म्हणाले.

मी रागावायला हवं होतं त्यांच्यावर. पण कुठल्या तोंडानं रागावणार? शिटी तर माझी होती.

खोलीत मास्तर मतं मागतच होते. सूरकाका दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "शिटी वाजली होती. मी ऐकली होती. भीतीनं खोटं बोललो." एवढंच. कुणाला हसू आलं नाही. कंपाउंडरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मास्तर स्वतः उठले, कपाटातून बाबांचा फोटो काढला आणि बाहीनं काच पुसली. फोटो त्यांनीच लावला. वाकडा लावलाय, बघा. मी तो सरळ करू दिलेला नाही.

घरी गेले तेव्हा आई पडद्याला टीप घालत होती. मी दारातच विचारलं, "बाबांनी कधी सांगितलं का, शिटी कुणी वाजवली?"

मशीन थांबलं.

"नाही," आई म्हणाली. "पण एक आहे. तुला फाटकावरची नोकरी लागली तो दिवस आठवतो? तू ते पिवळं जाकीट घालून दाखवायला आलीस, अशीच दारात उभी राहिलीस. ते इथं खुर्चीत होते. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि हळूच उजवा हात वर केला. मला वाटलं, थट्टा करतायत."

मलाही आठवलं. मी हसले होते त्या दिवशी.

"त्यानंतर ते शिटीबद्दल कधी बोलले का, किल्ली?"

मी आठवून बघितलं. तोवर दर शनिवारी कुणाशी ना कुणाशी भांडून येणारा माणूस, त्या दिवसापासून चकार शब्द बोलला नव्हता. कुणी डिवचलं तर म्हणायचे, "झाली असेल माझीच चूक." लोक म्हणाले, म्हातारा अखेर वठणीवर आला. मीही तेच म्हणाले होते. ते मात्र मला पाठीशी घालत होते. मी हे करणार आहे हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

त्या रात्री मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. सदतीस वर्षांचं सगळं एकदम आलं.

आता धुकं विरळ होतंय, तुम्हाला निघता येईल. हो, शिटी अजून माझ्याकडेच आहे, ही काय गळ्यात. क्लबनं दुसरी दिली, कामाला ती वापरते. या शिटीत मी पुन्हा फुंकर घातलेली नाही. बाबांनी दोन सांगितल्या होत्या, आणि मी एकच वाजवलीय. दुसरी लांबलचक होती, आणि ती जमिनीखालून आली होती.

म्हणून घरी आणि क्लबात मी एवढंच सांगून ठेवलंय, की मला पोचवाल तेव्हा जाळू नका, पुरा, आणि ही गळ्यातच राहू द्या.